चौतीस शेवंत्या आणि विषय क्रमांक चार

सभेत उभं राहून बोलायची मला शाळेपासून हौस. बोलायला लागले की माझा उजवा हात आपोआप वर जातो, आवाज खाली उतरतो आणि शेवटचं वाक्य मी समोरच्या रांगेला नाही, मागच्या भिंतीला ऐकवते. आपण नक्की काय बोललो, हे मला सहसा घरी जाताना नवऱ्याकडून कळतं. गेल्या वर्षी जुलैत मात्र ते लेखी मिळालं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ते मिनिट्समध्ये उतरवून ठेवलं होतं, आणि सेक्रेटरी हे इकडचं अक्षर तिकडे न करणारे गृहस्थ आहेत.

विषय क्रमांक चार होता दुचाकी पार्किंग.

आमची इमारत भाईंदर पूर्वेला, नवघरमध्ये. चार मजले, सोळा घरं, लिफ्ट नाही. गेटमधून आत आलं की डाव्या हाताला कंपाउंडची कमरेएवढी भिंत, तिच्यावर लोखंडी जाळी, आणि भिंतीला लागून वीस फूट लांब, दोन फूट रुंद मातीचा पट्टा. बिल्डरने नकाशात त्याला 'गार्डन' म्हटलं होतं. आम्ही राहायला आलो तेव्हा त्या गार्डनमध्ये एक फुटकं कमोड, उरलेल्या टाइल्स आणि एक सदाफुली होती. सदाफुली कमोडमध्ये उगवली होती आणि खुशीत होती.

सेक्रेटरींचं म्हणणं सरळ होतं. हा पट्टा काढून पेव्हर ब्लॉक टाकले तर नऊ स्कूटर तिरक्या बसतात. त्यांनी तसा नकाशाही काढून आणला होता, पट्टीने, दोन रंगांत. नऊपैकी एक स्कूटर माझ्या नवऱ्याची होती. तो सभेत वेफर्स खात होता आणि कुणाच्याच बाजूला बघत नव्हता.

माझी अडचण अशी की त्याच वर्षी मे महिन्यात मी शेवंती आणून ठेवली होती. ती कुठून आणली हे सांगायला मला वडिलांकडे जावं लागेल, पण लगेच परत येईन.

माझे वडील रायगडात एका बागाईतदाराच्या वाडीत कामाला होते. नारळ, सुपारी मालकांची, आणि मालकांच्या ओटीसमोरचा शेवंतीचा पट्टाही मालकांचाच. पण तो लावायचे वडील. पिवळी, बटणाएवढी, जुनी गावठी शेवंती. ते म्हणायचे, "शेंडा खुडला की झाडाला राग येतो. रागाने ते चार बाजूंनी फुटतं. परत खुडायचं, परत फुटतं. अनंत चतुर्दशीपर्यंत त्याला रागावू द्यायचं. त्यानंतर कळ्या धरतात. मग हात पाठीमागे." आणि ते खरोखर हात पाठीमागे बांधून त्या पट्ट्यासमोर फेऱ्या मारायचे. मालकीणबाईंना वाटायचं, हा माणूस काम करत नाहीये.

वडील गेले, मालकही गेले. मालकांच्या मुलाने आता तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढल्यात. पण पाण्याच्या टाकीमागे, कुणी पाणी घालत नाही, कुणी बघत नाही, तिथे ती शेवंती अजून दरवर्षी उगवते. मी तिच्या काशा मागून आणल्या. काशा म्हणजे जुन्या झाडाच्या बुडातून फुटणारी पिल्लं. ओल्या गोणपाटात गुंडाळून एस.टी.तून मांडीवर आणल्या आणि सभेचा निकाल लागेपर्यंत बाल्कनीत बादलीत ठेवल्या.

त्या पट्ट्यावर कायद्याने माझा हक्क सोळाव्या हिश्श्याचा. पण वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या मातीत हात घातला. आमच्या घरात कुणाच्या नावावर कुंडीभर माती नव्हती. कुणाला न विचारता जिच्यात बोट खुपसावं अशी ही आमच्या घराण्यातली पहिलीच माती होती, आणि तिच्यावर नऊ स्कूटर तिरक्या बसणार होत्या.

म्हणून मी उभी राहिले. हात वर गेला.

"या मातीतून," मी म्हणाले, "मार्गशीर्षाच्या पहिल्या गुरुवारी मी एकेका झाडाला शंभर-शंभर फुलं देईन! नाही दिली, तर मी स्वतः, या हातांनी, फावडं घेऊन ही माती उपसून देईन!"

नवऱ्याचा वेफर्सचा हात थांबला. मला वाटलं, प्रभाव पडला.

सेक्रेटरींनी पेनाचं टोपण काढलं. "शंभर म्हणजे शंभरच ना, वहिनी? की अंदाजे?"

"शंभर!"

"प्रत्येकी?"

"प्रत्येकी!"

"झाडं किती?"

"चौतीस."

त्यांनी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. सर्वानुमते संमत झालं. पेव्हर ब्लॉकचं कोटेशन त्यांनी फाइलला लावून ठेवलं, मार्गशीर्षासाठी.

जिना चढताना नवरा म्हणाला, "फावडं आहे का आपल्याकडे?"

लावणी जुलैच्या शेवटाला झाली. कमोड गेलं, सदाफुली कोपऱ्यात हलवली, नर्सरीतून लाल मातीच्या गोण्या आल्या. खत म्हणून तळमजल्यावरच्या बेन चहाचा चोथा द्यायच्या. बेनची खिडकी त्या पट्ट्यावरच उघडते. सत्तरीच्या आहेत, एकट्या राहतात, एक गुडघा दुखतो. सकाळ-संध्याकाळ पट्ट्याशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कुठून आलास ते विचारतात. पूर्वी साड्यांना फॉल लावून द्यायच्या. त्यांचा चोथा उत्तम असे. त्यात आल्याचा कीस नसे, कारण बेन जैन, जमिनीखालचं काही खात नाहीत. हे मला पंधरा वर्षं माहीत होतं. माहीत असणं आणि लक्षात येणं यात माझ्या बाबतीत बरंच अंतर असतं.

पहिला शेंडा खुडायची वेळ आली नेमकी गणपतीत. गणपतीत आमच्याकडचा कुणीही भाईंदरमध्ये राहत नाही. नवऱ्याचं गाव रत्नागिरीकडे, तिथे अनंत चतुर्दशीपर्यंत गणपती. म्हणजे दोन आठवडे, म्हणजे दोन बुधवार. वडील बुधवारीच खुडायचे; का, ते मी कधी विचारलं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी बेनना पट्ट्यापाशी उभं केलं आणि प्रात्यक्षिक दाखवलं. मी प्रात्यक्षिक चांगलं करते.

"बेन, सिर्फ दो बुधवार. ऊपर का कोंब पकडने का, और नाखून से, टक्! ऐसा. दया नहीं करने का."

"दया नहीं करने का?" बेननी विचारलं.

"बिलकुल नहीं. दया किया तो सब खतम."

बेन बराच वेळ झाडांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आप आराम से जाओ, भाभी. बाप्पा को मेरा जय जिनेंद्र बोलना."

मी गेले, आरामात. 'करते' असं बेन म्हणाल्या नव्हत्या, हे माझ्या कानावरून गेलं.

गणपती बसले त्या दिवशी, मोदकांच्या धांदलीत, मोबाइलवर बेनचा निरोप आला. मिच्छामी दुक्कडम्, मनाने, बोलण्याने, कृतीने काही दुखावलं असेल तर क्षमा करा. त्या दिवशी आमच्या इमारतीतून असे सात-आठ निरोप येतात. मी दरवर्षीप्रमाणे सगळ्यांना जोडलेले हात पाठवले आणि नारळ खवायला बसले.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो. रिक्षातून उतरले आणि गेटमध्येच थांबले.

झाडं माझ्या कंबरेला आली होती. एकाचाही शेंडा खुडलेला नव्हता. एकेक काठी सरळ वर गेलेली, आजूबाजूला फूट नाही, फांदी नाही. आणि प्रत्येक झाडाशेजारी खराट्याच्या काड्यांची जुडी रोवून त्याला साडीच्या फॉलच्या पट्टीने बांधलं होतं. अबोली, मोरपंखी, डाळिंबी, लिंबू. चौतीस गाठी. शाळेच्या गॅदरिंगला रिबिनी बांधून रांगेत उभ्या केलेल्या उंच मुलींसारखी ती झाडं दिसत होती, आणि आता आपण नाचायचंय हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

बेन खुर्चीत होत्या.

"बेन, ये क्या?"

"भाभी, चोमासा चालू है ने. चोमासे में हम लोग हरे को हाथ नहीं लगाते. खाते भी नहीं, तोड़ते भी नहीं. और आपने जो पहला बुधवार दिया, वो तो पर्युषण में आया."

"तो मेरे को बोला क्यूं नहीं?"

"आप बाप्पा के लिए जा रहे थे. जानेवाले को ना कैसे बोलूं?"

"अच्छा. और ये सब बांधा किसने?"

"मैंने. गिर रहे थे बिचारे." बेननी पदर सारखा केला. "आपने बोला था दया नहीं करने का. पण इतनी तो हो गई."

बेन पुढे म्हणाल्या, "मैंने माफी भी मांगी थी. मेसेज किया था. आपने हाथ जोड़ के वापस भेजा. मैं समझी, माफ कर दिया."

त्या वर्षी मला आलेल्या सात-आठ क्षमायाचनांपैकी एक खरीखुरी होती, तिच्यामागे चौतीस गुन्हे होते, आणि मी तिला नारळ खवता खवता अंगठ्याने माफी देऊन टाकली होती.

नवरा बॅगा घेऊन मागे उभा होता. "आता खुड की," तो म्हणाला. "एका दिवसाने काय होतंय?"

काय होतं ते मला माहीत होतं. शेंड्यांच्या पोटात कळ्यांची गोळी धरायला लागली होती. आता खुडलं असतं तर शंभर सोडा, एकही फूल आलं नसतं. नखं शिवशिवत होती. मी हात पाठीमागे बांधले आणि तशीच वर गेले. बॅगा नवऱ्याने नेल्या.

पुढचे दोन महिने मी हात पाठीमागे बांधून त्या पट्ट्यासमोर फेऱ्या मारल्या. सेक्रेटरी रोज सकाळी जेसल पार्कच्या चौपाटीवर चालून परत येताना विचारायचे, "कसं काय, वहिनी?"

"उत्तम," मी म्हणायचे.

उत्तम काहीच नव्हतं. झाडं आणखी वाढली, बेननी आणखी फॉल बांधले. आणि इमारतीची सावली आतल्या बाजूला, ऊन रस्त्याच्या बाजूला, त्यामुळे झाडं जाळीकडे कलली. दिवाळीनंतर एकेक कळी जाळीच्या चौकोनातून मान बाहेर काढून रस्ता बघायला लागली. आतून बघणाऱ्याला दिसायच्या काड्या, पट्ट्या आणि फुलांच्या पाठी.

मार्गशीर्ष जवळ आला तशी माझी झोप उडाली आणि बुद्धी भलत्या दिशेला धावू लागली. एका रविवारी मी नवऱ्याला म्हटलं, "बाजारातून शेवंती आणून झाडांना बांधली तर?"

त्याने पेपर खाली केला. "चौतीस गुणिले शंभर."

"हो, पण समजा."

"दोरा पुरेल का?" असं म्हणून त्याने पेपर वर केला. विषय तिथेच संपला.

पहिल्या गुरुवारी सकाळी दहाला सेक्रेटरी रजिस्टर घेऊन खाली आले. घरी त्यांच्या बायकोने लक्ष्मीचा घट मांडला होता, तरी ते आरती सोडून आले होते. नवरा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता. बेन खुर्चीत. मी निळी काठाची साडी नेसले होते, कारण भाषण तयार होतं. त्यात माझे वडील होते, टाकीमागची शेवंती होती, आणि शेवटी माझा हात वर जाणार होता.

सेक्रेटरी पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेनाचं टोक दाखवत गेले. "नऊ," ते म्हणाले.

ते वाकून जाळीतून बघू लागले. "बाकीची तोंड बाहेर करून आहेत."

"हो."

"मिनिट्समध्ये कुठल्या बाजूने मोजायचं ते नमूद नाही." त्यांनी रजिस्टर मिटलं, गेटमधून बाहेर गेले आणि रस्त्यावर उभं राहून पहिल्यापासून मोजायला लागले. आम्ही आतून जाळीतून त्यांच्याकडे बघत राहिलो. मधेच पूजेची पत्री घेऊन चाललेल्या दोन बायका थांबल्या आणि फुलं बघून कुठल्या नर्सरीतली म्हणून विचारू लागल्या. सेक्रेटरींनी आकडा विसरू नये म्हणून त्यांना हातानेच थांबवलं. एका रिक्षावाल्याने वेग कमी केला.

"अंकल, दीवार टूटनेवाली है क्या?"

"अभी तय नहीं हुआ," सेक्रेटरी म्हणाले आणि पुढच्या झाडाकडे सरकले.

आत येऊन त्यांनी बेरीज केली. आतली-बाहेरची मिळून दोनशे एकोणसत्तर. फुलं मात्र मोठी होती, वडिलांच्या पट्ट्यात मी कधी पाहिली नव्हती एवढी. एका काठीचा सगळा जीव सात-आठ फुलांत गेला होता. पण मोठेपणा मिनिट्समध्ये नव्हता.

समासात वजाबाकी झाली. "तीन हजार एकशे एकतीस कमी," सेक्रेटरी म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे मी मान्य करते.

ही माझ्या भाषणाची वेळ होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "फावडं आणते."

हात खालीच होता. नवरा म्हणतो, लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, हा एवढाच एक प्रसंग.

"एक मिनट." बेन खुर्चीचे हात धरून उठल्या. त्यांना उठायला वेळ लागतो, सगळे थांबलो. "मेरा भी लिखो. तोड़ने का काम मेरे को दिया था. मैंने हां भी नहीं बोला, ना भी नहीं बोला, और तोड़ा नहीं. इसलिए फूल कम आया. गलती मेरी."

"बेन, इसमें गलती जैसा कुछ..." सेक्रेटरी म्हणाले.

"लिखो."

त्यांनी लिहिलं. बेननी चष्मा लावून वाचून घेतलं. मराठी होतं, पण वाचलं. मग त्यांनी हात जोडले, माझ्याकडे नाही, पट्ट्याकडे, आणि परत बसल्या.

सेक्रेटरी पेनाचं टोपण दातांवर आपटत विचार करत होते. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी पट्टा गेल्यातच जमा वाटत होता. फावडं कुणाकडे मागायचं, याचा विचार चालला होता.

"असं बघा वहिनी," ते शेवटी म्हणाले. "वचन खुडण्यावर अवलंबून होतं. खुडणं झालंच नाही. म्हणजे वचन मोडलं असं म्हणता येत नाही. ते तपासलंच गेलेलं नाही."

"मग?"

"एक वर्ष मुदतवाढ. मात्र पुढच्या वर्षी तुमच्या गैरहजेरीत खुडणार कोण, त्याचं नाव आधी रेकॉर्डवर यायला पाहिजे."

बेन बाद. नवरा माझ्याबरोबर गावाला. मी विचारलं, "तुमच्याकडे गणपती दीड दिवसांचा ना?"

"हो."

"इथेच?"

"इथेच. आम्ही कुठे जाणार? आम्ही गिरगावातून आलो, तेच आमचं गाव."

"मग लिहा तुमचं."

"माझं? सेक्रेटरीने स्वतःचं नाव स्वतः सुचवणं योग्य होणार नाही."

"सूचक मी," मी म्हणाले. हात वर गेला होता. बरं वाटलं.

"अनुमोदक?"

"मैं," बेन म्हणाल्या. "मैं हां बोलती हूं. ये हां है, लिखो."

फुलं ओसरल्यावर झाडं बुडापाशी कापली, बुडातून काशा आल्या, आणि यंदा जूनमध्येच चौतीस झाडं लागली. पहिली खुडणी मीच केली, झाडं चार बाजूंनी फुटली. गणपतीच्या आधी मी सेक्रेटरींना प्रात्यक्षिक दाखवलं. त्यांनी नखं वापरायला नकार दिला. घरून छोटी कात्री आणि सहा इंची पट्टी आणली. किती लांबीचा शेंडा, ते विचारून पट्टीवर खूण केली. ते खुडत असताना बेननी खुर्ची उचलून पार्किंगकडे तोंड करून ठेवली आणि काम संपेपर्यंत स्कूटरींकडे बघत बसल्या.

गावाला मला बुधवारी दुपारी निरोप आला. "झाडे ३४. खुडलेले शेंडे १०२. एक शेंडा चुकून दोन पानांसह गेला. क्षमस्व." या वेळी मी जोडलेले हात पाठवले नाहीत. "चालेल," असं लिहिलं.

दुसऱ्या बुधवारचा निरोप आरतीच्या वेळी आला. माझ्या हातात झांजा होत्या. "झाड क्र. १९ च्या शेंड्यात कळी असल्यासारखे वाटते. बेनना दाखवले. त्या म्हणतात, कळीच आहे. काय करावे?"

अनंत चतुर्दशीला अजून तीन दिवस होते. नियमाने खुडायला हरकत नव्हती. आणि तो शेंडा सोडला तर एकोणीस नंबरची शंभरी भरणं कठीण, हे मलाही कळत होतं आणि मोजणारे तेच असल्यामुळे त्यांनाही. मी झांजा खाली ठेवल्या आणि मोठं उत्तर लिहायला घेतलं. त्यात वडील आले, मालकीणबाई आल्या, टाकी आली. मग ते सगळं पुसलं.

"हात पाठीमागे," एवढंच पाठवलं.

एक मिनिटाने उत्तर आलं. "ठीक. घेतले. नोंद केली आहे."